शिळ्या खेळांची गोडी

शिळें म्हटलें कीं नाक मुरडावें, हा शिष्टाचार आमच्या समाजांत जुना आहे. पण त्याचा अपवादहि आमच्याच स्वयंपाकघरांत वरचेवर चुलीवर चढत असतो. रात्रीं उरलेल्या भाताला सकाळीं मोहरी, मिरची आणि कांदा यांची फोडणी बसली, म्हणजे ज्या भाताकडे आदल्या रात्रीं कोणी ढुंकून पाहिलें नव्हतें त्याच्यासाठीं ताटें पुढें सरकूं लागतात. फोडणीच्या भाकरीचीहि तीच गोष्ट. एक रात्र उलटल्यानें अन्नाला ही जी निराळी चव येते, तिचें कारण कोणी कांहींहि सांगो. ती येते, हा अनुभव घरोघरचा आहे. आज वाचकांपुढें आम्ही आमची जी एक आवड मांडणार आहों ती याच जातीची आहे. संगणकावर खेळावयाचे जे खेळ दहा, वीस, क्वचित् पस्तीस वर्षांपूर्वीं निघाले, ज्यांचा गाजावाजा केव्हांच ओसरला, आणि जे आतां शंभर-दीडशें रुपयांस मिळतात, ते विकत घेऊन सावकाश खेळत बसणें हा आमचा गेल्या आठ-दहा वर्षांचा छंद आहे.

पन्नाशी उलटलेल्या आणि महाविद्यालयांत इतिहास शिकविणाऱ्या गृहस्थानें हें लिहावें, याचें कित्येकांस नवल वाटेल, आणि कांहींना तें शोभणारें नाहीं असेंहि वाटेल. त्यांना आमचें एवढेंच विचारणें आहे कीं, बुद्धिबळाचा पट मांडून बसलेल्या वृद्धास कोणी हंसत नाहीं, पांच दिवसांचा क्रिकेटचा सामना पाहण्यांत जाणारा वेळ कोणी मोजीत नाहीं, मग संगणकावरील खेळांनींच काय घोडें मारलें आहे? बुद्धिबळ हाहि एके काळीं नवाच खेळ होता. तो प्रतिष्ठित झाला तो जुना झाल्यावर. जुनेपणानें जर खेळाला प्रतिष्ठा येत असेल, तर आमची आवड थोडी वेळेआधीं आलेली आहे, इतकेंच.

आतां स्वस्ताईविषयीं. आमचें पणदरे गांव बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, गाळपाच्या हंगामांत साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या आणि आठवड्याचा बाजार, हें या भागांतील जीवनाचें ठळक चित्र. आठवड्याच्या बाजाराचा एक अलिखित नियम असा कीं, सकाळीं ज्या टोमॅटोंना विकणारा हात लावूं देत नाहीं, तेच टोमॅटो दिवेलागणीला तो हांका मारून देऊं लागतो. "घ्या सर, दहा रुपयाला वाटा, बाजार उठला!" येथें स्वस्ताईचें कारण उघड आहे. दिवसभराच्या उन्हानें माल मऊ पडलेला असतो, आणि उद्यां तो कोणी घेणार नाहीं हें घेणारा आणि देणारा दोघेहि जाणतात. संगणकावरील खेळांचा बाजारहि असाच उठतो. नव्या गाजलेल्या खेळास पहिल्या आठवड्यांत तीन-चार हजार रुपये पडतात. वर्षा-दोन वर्षांत ती किंमत निम्म्यावर येते. आणि दहा वर्षांनीं तोच खेळ सवलतीच्या दिवसांत वाट्याच्या भावानें मिळूं लागतो. परंतु या दोन बाजारांत एक मोठा भेद आहे. टोमॅटो स्वस्त होतो तो नासूं लागल्यामुळें. खेळ स्वस्त होतो तो गिऱ्हाइकांचें लक्ष दुसरीकडे गेल्यामुळें. खेळाचा एक कणहि मऊ पडलेला नसतो. पहिल्या दिवशीं त्यांत जें होतें तें सर्व दहाव्या वर्षींहि तसेंच असतें. नसतें तें फक्त त्याच्याभोंवतीं जमलेलें कुतूहल. आणि नव्या मालाच्या किंमतींतला मोठा भाग या कुतूहलाचाच असतो.

इतकेंच नव्हे, तर कित्येक खेळ मुरत ठेवलेल्या लोणच्याप्रमाणें दिवसांगणिक सुधारत जातात. 'सायबरपंक २०७७' या खेळाची जगभर वाट पाहिली जात होती. तो डिसेंबर २०२० मध्यें निघाला तेव्हां त्यांत इतके दोष होते कीं, आठवडाभरांतच सोनी कंपनीनें तो आपल्या दुकानांतून काढून घेतला आणि ग्राहकांना पैसे परत देण्याची व्यवस्था केली. तो त्या दुकानांत परत आला जून २०२१ मध्यें. पुढें दुरुस्त्या होत होत सप्टेंबर २०२३ मध्यें त्याची जी सुधारून वाढविलेली आवृत्ति निघाली, तिची टीकाकारांनीं मनापासून स्तुति केली. म्हणजे ज्यांनीं सर्वांत आधीं घेतला त्यांनीं सर्वांत जास्त पैसे देऊन सर्वांत कच्चा माल घेतला, आणि जे तीन वर्षें स्वस्थ बसले त्यांना तोच पदार्थ शिजवून, वाढून आणि स्वस्तांत मिळाला. 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग १९९९ मध्यें निघाला. २०१३ मध्यें त्याचीं चित्रें नव्या पडद्यांस साजेशीं करण्यांत आलीं, २०१९ मध्यें तो पुन्हां नव्यानें घडविला गेला, आणि २०२२ मध्यें त्याला भारतांतील राजवंशांची पुरवणी जोडण्यांत येऊन राजेंद्र चोळाच्या मोहिमा त्यांत आल्या. पंचवीस वर्षें उलटून गेल्यावरहि या खेळाचे सामने भरतात आणि ते पाहणारे हजारोंनीं असतात. शिवाय असल्या खेळांना भारी यंत्र लागत नाहीं. नव्या खेळासाठीं ज्या किंमतीचें ग्राफिक्स कार्ड लागतें त्या किंमतींत आमच्या भागांत एखादी जुनी मोटारसायकल येईल. जुने खेळ आमच्या चिरंजीवांनीं टाकून दिलेल्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालतात.

हे खेळ प्रथम महाराष्ट्रांत कसे आले हें आठवलें, म्हणजे आजच्या सुबत्तेचें मोल कळतें. १९९० च्या सुमारास घरांत संगणक असणें ही श्रीमंतीची परिसीमा होती. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत संगणक आले, आणि मधल्या सुट्टींत त्यांच्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया'मधील पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र धांवूं लागला. तो फ्लॉपी नांवाच्या तबकडीवरून येई. एका तबकडीवरून दुसरीवर आणि एका कचेरींतून दुसरींत त्याच्या नकला होत गेल्या, आणि मूळ खोका डोळ्यांनीं पाहिलेला मनुष्य शोधूनहि सांपडत नसे. मुलांसाठीं टेलिव्हिजनला जोडावयाचें यंत्र निघालें. त्याच्या कॅसेटीवर लाखोंनीं खेळ असल्याचें छापलेलें असे, आणि मोजावयास बसलें तर तेच दहा-बारा खेळ नांवें बदलून फिरून फिरून येत. संगणकाच्या सुट्या भागांसाठीं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणारे लोक येतांना खिशांत एखादी खेळांची सीडीहि घेऊन येत. अस्सल माल परदेशी किंमतीचा, आणि ती किंमत मध्यम वर्गाच्या आंवाक्याबाहेरची. म्हणून हा सारा व्यवहार नकलांवर चाले, आणि ज्यांनीं रात्रीचा दिवस करून हे खेळ रचले त्यांना आमच्याकडून एक दमडीहि पोंचत नसे.

यांत पालट झाला तो इंटरनेटवरील दुकानांमुळें. 'स्टीम' हें दुकान २००३ मध्यें अमेरिकेंत उघडलें. २०१५ च्या नोव्हेंबरांत त्यानें भारतासाठीं रुपयांत भाव लावले, आणि तेव्हांपासून डॉलरचा गुणाकार करीत बसण्याचें कारण उरलें नाहीं. दुसरें दुकान 'जीओजी'. त्याचा इतिहास आम्हांस फार गमतीचा वाटतो. पोलंडांतील दोन तरुण शाळकरी वयापासून वॉर्सॉच्या रस्त्यावरील बाजारांत संगणकाचे खेळ विकत असत. पुढें १९९४ मध्यें त्यांनीं कंपनी काढली. त्यांच्याहि देशांत नकली तबकड्यांचा सुळसुळाट होता. त्याला तोंड देण्यासाठीं त्यांनीं १९९९ मध्यें 'बॉल्डर्स गेट' नांवाचा मोठा खेळ पोलिश भाषेंत आणला, आणि खोक्यांत नकाशा, नियमांची पुस्तिका अशा वस्तु घालून अस्सल प्रत घेण्यांतच गोडी वाटेल अशी योजना केली. २००८ मध्यें त्याच कंपनीनें केवळ जुन्या चांगल्या खेळांसाठीं एक दुकान काढलें. तेंच हें जीओजी. जुन्या खेळाचे हक्क कोणाकडे आहेत तें हुडकून काढावयाचें, तो आजच्या यंत्रावर चालेल असा करावयाचा आणि थोडक्या किंमतींत विकावयाचा, असा त्यांचा धंदा. नकलेच्या बाजारांत वाढलेल्या मुलांनीं अस्सल मालाचें दुकान काढावें, यांतलें मर्म लॅमिंग्टन रोड पाहिलेल्या मराठी माणसास सांगावयास नको.

असो. स्वस्ताई हें या छंदाचें दार आहे. घर तें नव्हे. दाराच्या आंत काय आहे, तें आतां सांगितलें पाहिजे.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हाच खेळ घ्या. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानें तो १९८९ मध्यें 'ॲपल टू' या संगणकासाठीं रचला. राजपुत्राच्या हालचाली खऱ्या वाटाव्यात म्हणून त्यानें आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धांवावयास आणि उड्या मारावयास लावलें, त्याचें चित्रण केलें आणि त्यावरून एकेक आकृति उतरवून घेतली. या कामांत त्या यंत्राची तुटपुंजी स्मृति जवळजवळ संपली. आतां राजपुत्राला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी पाहिजे, पण त्याचें चित्र ठेवावयास जागाच नाहीं! तेव्हां मेकनरनें एक युक्ति काढली. त्यानें राजपुत्राचेंच चित्र गणिताच्या एका क्रियेनें उलटेंपालटें करून त्यांतून एक झगमगती छाया उभी केली. राजपुत्र एका आरशांतून उडी मारतो आणि त्याची छाया त्याच्यापासून सुटी होऊन पुढें पदोपदीं त्याला आडवी येते. शेवटीं दोघे समोरासमोर उभे राहतात. छायेवर वार करावा तर प्राण आपला कमी होतो! कित्येकदां मेल्यावर खेळणाऱ्याच्या ध्यानांत येतें कीं, येथें तलवार म्यान केली पाहिजे. ती म्यान करून पुढें पाऊल टाकलें कीं, छाया राजपुत्रांत मिळून जाते. वेदांतावरील व्याख्यानांतून जें आमच्या गळीं कधीं उतरलें नाहीं, तें या खेळानें एका संध्याकाळीं उतरविलें, आणि तेंहि जागेच्या टंचाईपोटीं.

टंचाईंतून उपजणाऱ्या या कल्पकतेचें बारामतीकरांस अप्रूप वाटूं नये. मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) याच बारामतीस राहिले. त्यांनीं एकशें आठ रामायणें रचलीं असें सांगतात, आणि त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. म्हणजे ज्यांत ओठाला ओठ लागेल असा एकहि वर्ण येऊं द्यावयाचा नाहीं. प, फ, ब, भ, म हीं अक्षरें वर्ज्य करून राम या शब्दावांचून रामकथा सांगावयाची! पंडिती कसरत म्हणून पुष्कळांनीं या प्रकाराला नांवें ठेवलीं आहेत. परंतु बंधन मुद्दाम घालून घेतलेलें असो वा यंत्राच्या दारिद्र्यानें लादलेलें असो, त्याच्याशीं झुंजतांना रचणाऱ्याचा हात कसा चालतो, हें पाहण्यांत एक खास आनंद आहे. आजच्या खेळकर्त्यास स्मृतीची ददात नाहीं. तो झाडाचें पान न् पान हलवून दाखवितो. जुन्या खेळांत झाड हिरव्या चार ठिपक्यांचें असतें, आणि तें झाड आहे हें खेळणाऱ्यानें आपल्या मनानें पुरें करावयाचें असतें. आम्हांस हा दुसरा प्रकार अधिक मानवतो.

दुसरें उदाहरण 'मंकी आयलंड'चें. १९९० मध्यें निघालेल्या या खेळाचा नायक एक बावळट तरुण असून त्याला समुद्रावरचा चांचा व्हावयाचें आहे. त्यासाठीं तलवारबाजी शिकली पाहिजे. पण या बेटावर तलवारीचा निकाल मनगटावर लागत नाहीं, जिभेवर लागतो. एकानें टोमणा मारावयाचा, दुसऱ्यानें त्यावर तोडीस तोड उत्तर द्यावयाचें; उत्तर चुकलें कीं एक पाऊल मागें. ज्यानें कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकले आहेत त्याला ही लढाई क्षणांत ओळखीची वाटेल. त्यांत आणखी एक खुबी अशी आहे कीं, नवा टोमणा शिकण्याचा मार्ग म्हणजे कोणाकडून तरी तो खाणें. हरल्यावांचून विद्या येत नाहीं. आणि शेवटीं तलवारबाजींत निष्णात अशा गुरूशीं गांठ पडते तेव्हां तिचे टोमणे अगदीं नवे निघतात; जुनींच उत्तरें त्यांना बसवून द्यावीं लागतात. परीक्षेंत प्रश्न फिरवून विचारला म्हणून कुरकुरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हाच दाखला देतों.

तिसरा खेळ आमच्या विषयाशीं लागून आहे. 'युरोपा युनिव्हर्सॅलिस' मालिकेचा चौथा भाग २०१३ मध्यें स्वीडनमधील एका कंपनीनें काढला. आतां २०२५ मध्यें पांचवा निघाल्यामुळें चौथा जुना झाला आहे. त्यांत १४४४ सालचें सर्व जग नकाशावर मांडलेलें असून त्यांतलें कोणतेंहि राज्य हातीं घेऊन तें १८२१ पर्यंत चालवितां येतें. नांव युरोपाचें, पण आम्हीं अर्थातच दख्खन निवडलें आणि बिदरच्या बहमनी सुलतानाचा कारभार हातीं घेतला. बहमनी राज्याचे पुढें आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही, इमादशाही आणि बरीदशाही असे पांच तुकडे झाले, हें आम्ही गेलीं पंचवीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों आहों. त्याचीं कारणेंहि क्रमवार सांगतों. पण दक्षिणेस विजयनगर, उत्तरेस माळवा, खजिना रिकामा, कर्ज काढल्यावांचून फौज पोसत नाहीं आणि कर वाढवावा तर बंड होतें, अशा कात्रींत स्वतःच्या हातानें सांपडल्यावर तींच कारणें निराळीं दिसूं लागलीं. फळ्यावर एका ओळींत मावणारा 'सरदारांचा असंतोष' हा शब्द आंत शिरून पाहिला तर किती रात्रींची झोंप उडविणारा आहे, हें कळलें. खेळ म्हणजे इतिहास नव्हे, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. तथापि त्या वर्षीं बहमनी राज्याच्या विभागणीवरील आमचें व्याख्यान ऐकून मागल्या बांकावरच्या एका विद्यार्थ्यानें, "सर, मग सुलतानानें करायला काय हवं होतं?" असें विचारलें. इतक्या वर्षांत हा प्रश्न वर्गांत प्रथमच निघाला.

या सर्व आनंदांच्या मुळाशीं स्वस्ताईनें दिलेली मोकळीक आहे. चार हजार मोजलेला मनुष्य खेळास बसतो तो वसुलीस बसल्यासारखा; न आवडलें तरी पैसे वाया जातील म्हणून तो शेवटपर्यंत रेटतो, आणि आवडलें तरी सर्वांच्या आधीं संपवावें म्हणून धांवतो. शंभर रुपये दिलेल्याला वसूल करावयाचें कांहींच नसतें. आवडला तर खेळावा, न आवडला तर दुसऱ्या दिवशीं सोडावा, आणि कोड्यापाशीं अडकला तर आठवडाभर तें डोक्यांत घोळवीत हिंडावें. त्या खेळाविषयीं आज कोणी बोलत नसल्यामुळें शेवट आधींच कानावर पडण्याचें भयहि नाहीं. ग्राहकाचें नातें संपतें आणि रसिकाचें सुरू होतें, तें या ठिकाणीं.

यावर एक आक्षेप असा येईल कीं, हा सर्व आपल्या तारुण्याविषयींचा लोभ आहे. खेळांचे गुण नुसतें निमित्त. या म्हणण्यांत थोडेंसें तथ्य आहे. पण वर सांगितलेल्या तीन खेळांपैकीं तारुण्यांत आम्हीं पाहिलेला खेळ एकच. 'मंकी आयलंड' आमच्या हातीं पडला तो चाळिशीनंतर. ज्याची आठवणच नाहीं त्याची ओढ कशी लागेल? दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि तो आमच्या घरांतूनच आलेला आहे. स्वस्त म्हणून घेत गेलें कीं ढीग जमतो. दुकानांच्या सवलती उन्हाळ्यांत आणि नाताळांत येतात, आणि त्या वेळीं पुस्तकप्रदर्शनांत पिशवी भरणाऱ्या माणसासारखी घेणाऱ्याची स्थिति होते. आमच्या यादींतील न उघडलेल्या खेळांची संख्या पाहून आमच्या सौभाग्यवती एकदां म्हणाल्या, "अहो, हे सगळे खेळायला तुमची पेन्शन पुरेल, आयुष्य पुरेल का?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. मात्र तेव्हांपासून हातचा खेळ संपल्याखेरीज किंवा सोडून दिल्याखेरीज दुसरा घ्यावयाचा नाहीं, असा नियम आमच्या घरीं आहे.

परंतु आयुष्याचा प्रश्न निघालाच आहे, तर त्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. कारण या छंदांतील खरी काळजीची जागा तेथें आहे. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. पुण्यास गेले कीं ते रद्दीच्या दुकानांतून पुस्तकें आणीत, आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनें तारीख व किंमत लिहीत. सव्वा रुपया, बारा आणे, क्वचित् दोन रुपये. त्यांच्या पश्चात् तें कपाट आमच्याकडे आलें. त्यासाठीं आम्हांस कोणाची परवानगी काढावी लागली नाहीं. आमच्या मागें आमचे खेळ आमच्या मुलाकडे असेच जातील का? स्टीमच्या अटी वाचल्या म्हणजे कळतें कीं, तेथें आपण जें घेतों तो खेळ नव्हे, तो खेळण्याचा परवाना. आणि ज्या खात्यांत ते परवाने असतात तें खातें दुसऱ्याच्या नांवें करतां येत नाहीं. म्हणजे कपाट आपलें, पुस्तकें आपलीं म्हणून आपण वाचीत बसावें, आणि घरमालकानें तीं फक्त भाड्यानें दिलेलीं असावीं, असा हा प्रकार आहे.

ही भीति काल्पनिक नाहीं. युबीसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारशर्यतींचा खेळ २०१४ मध्यें निघाला. तो एकट्यानें खेळतांनाहि कंपनीच्या संगणकाशीं जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें ते संगणक बंद केले, आणि ज्यांनीं रोख पैसे मोजून तो घेतला होता त्यांच्या हातीं कांहींच उरलें नाहीं. त्यावरून युरोपांत मोठी चळवळ उभी राहिली. विकलेले खेळ असे बंद पाडूं नयेत, या मागणीच्या अर्जावर २०२५ मध्यें दहा लाखांवर सह्या झाल्या. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू केला कीं, परवाना देत असतांना दुकानांनीं 'विकत घ्या' असें मोघम म्हणूं नये. हा परवाना आहे, हें ग्राहकास स्पष्ट सांगावें. जुन्या खेळांची स्थिति तर याहून वाईट आहे. खेळांचा इतिहास जतन करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेनें २०२३ मध्यें पाहणी केली, तींत असें आढळलें कीं, २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आज कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहींत. जे शंभर रुपयांस मिळतात म्हणून आम्ही आनंद मानतों, ते बुडत्या जहाजावरून उतरलेले थोडे उतारू आहेत.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'चेंच पाहा. त्याची मूळ लिखित आज्ञावलि खुद्द मेकनरपाशीं उरली नव्हती. २०१२ मध्यें त्याच्या वडिलांना घरच्या कपाटांत मागें पडलेला तबकड्यांचा एक खोका सांपडला. जाणकारांनीं जुनीं यंत्रें जोडून त्यांतला मजकूर बाहेर काढला, आणि मेकनरनें तो सर्वांना पाहण्यासाठीं खुला केला. एका बापानें कपाटांतला खोका टाकून दिला नाहीं, म्हणून तो वांचला. जपून ठेवण्याचें काम कंपन्या करतील, सरकार करील, असें म्हणत बसलें तर तें होत नाहीं; तें बहुधा असल्या कपाटांतूनच होतें. आमचें जुनें मराठी वाङ्मय तरी कोठें वांचलें? कोणाच्या तरी माळ्यावरच्या रुमालांत बांधलेल्या पोथ्यांतच ना?

म्हणून आमच्या खरेदींत आतां स्वस्ताईच्या जोडीला दुसरी एक कसोटी आलेली आहे. जीओजीसारखें दुकान खेळाची पुरी प्रत उतरवून घेऊं देतें. एकदां ती घेतली कीं इंटरनेट असो वा नसो, दुकान राहो वा बुडो, ती चालते. ज्यांना आमच्यासारखी हौस आहे त्यांना आमचें सांगणें असें कीं, गाजावाजा ओसरेपर्यंत थांबावें, किंमत उतरूं द्यावी, एका वेळीं एकच खेळ घ्यावा, आणि होतां होईल तों असाच घ्यावा कीं जो आपल्याजवळ राहील. घेतल्यावर त्याची प्रत दोन ठिकाणीं ठेवावी. कारण तबकड्याहि माणसांप्रमाणेंच न सांगतां जातात. आम्हीं एक वहीहि केली आहे. तींत खेळाचें नांव, तो निघाल्याचें साल, आम्हीं घेतल्याची तारीख, किंमत आणि एक-दोन ओळींचा अभिप्राय इतकें लिहून ठेवतों. वडिलांची पेन्सिल गेली. संवय मात्र आमच्या हातांत उतरलेली दिसते. चिरंजीवांना सध्यां या वहीची गरज वाटत नाहीं, आणि तें त्यांच्या वयास साजेसेंच आहे. वडिलांच्या कपाटाची आम्हांस तरी पंचविशींत कोठें गरज वाटली होती?